बोळवण राहिलेलं गाणं

भागाआत्याला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती एका हवालदाराला झापत होती. मी परतूरला नवी नवरी म्हणून आले होते. पोलीस ॲक्शन होऊन फार दिवस झाले नव्हते आणि खाकी कपडा दिसला की अजून लोकांची दारं लागायची. पण ही शेजारची उंच, काळीसावळी, हनुवटीवर गोंदलेली विधवा बाई भर रस्त्यात त्याची सायकल धरून उभी! त्यानं तिच्या कुरडयांच्या वाळवणावरून सायकल घातली होती. "डोळे हाइत का बटणं? ही सडक वाटली का तुला? उचल, एकेक उचल!" आणि तो बापडा खाली बसून उचलत होता. ॲक्शनच्या धामधुमीत सगळी आळी शेताशिवारात पळाली, तेव्हाही ही एकटी घर धरून बसली होती, असं सासूबाईंनी मला सांगितलं. मला वाटलं, या बाईला भीती म्हणजे काय ते ठाऊक नसणार.

मला काय माहीत! पुढं तिला मी इतकं भ्यालेलं पाहिलं की ती भीती माझ्याही हाडात मुरली. अजून निघालेली नाही.

आमची आणि तिची भिंत एकच. नवरा तरणाताठा गेला, म्हणून ती भावाच्या घरी आली. मग भाऊही गेला. त्याचा मुलगा किसन तिनंच वाढवला. किसन, त्याची बायको शांता आणि आत्या, एवढंच ते घर. सकाळी दातांना मिश्री लावत ओट्यावर बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाची हजेरी घ्यायची. कुणी सल्ला मागितला की आधी "बिलकुल न्हाई" म्हणायची आणि मग तो देतच बसायची. माझं नाव विमल, पण तिच्या तोंडी मी कायम 'इमल'. साप हा शब्द मात्र तिनं आयुष्यात उच्चारला नाही. ती 'भाऊ' म्हणायची. मी एकदा म्हणाले, "आत्या, परसात साप निघालाय," तर माझ्या पाठीत असा धपाटा घातला की साप परवडला. "भावाला कुणी असं नावानं हाक मारतं का? वळण लावलं न्हाई का माहेरी?"

कारण ती पंचमीचं गाणं म्हणणारी बाई होती.

आमच्याकडं नागपंचमीला बायका वारुळाला जातात, लाह्या-दूध ठेवतात, झोके बांधतात, फेर धरतात. नाग म्हणजे बायकांचा भाऊ. आदल्या दिवशी त्याच्यासाठी उपास. परतुरात फेर धरणाऱ्या शंभर, पण नागोबाला बोलावणारी एकच, भागाआत्या. तीस-चाळीस वर्षं तीच. आवाज घोगरा, भरदार, माळावरून हाक मारल्यासारखा. "भाऊ आला माझ्या दारी हिरव्या वाटेनं, पाय न्हाई, पंख न्हाई, आला पोटानं," असं तिनं उचललं की अंगावर सरसरून काटा यायचा. बायका हसत-खिदळत फेर धरायच्या, पण तिच्याकडं बघायच्या नाहीत. त्या गाण्यात नागोबा टप्प्याटप्प्यानं जवळ येतो. आधी बांधावर, मग अंगणात, मग उंबऱ्याशी, मग चुलीजवळ. तिथं त्याला जेवू घालायचं. आणि शेवटी बोळवण. म्हणजे त्याला म्हणायचं, भाऊराया, जेवलास, आता ऊठ, मागं न बघता आपल्या वारुळाला जा. बोळवणीशिवाय गाणं सोडायचं नाही. आणि दुसरा नियम असा, की जिनं बोलावलं तिनंच बोळवायचं. दुसरीनं म्हटलेलं त्याला लागत नाही.

"गाणं म्हंजी उसनं आणलेलं भांडं," आत्या म्हणायची. "काम झालं की घासून परत द्यायचं. घरात ठेवून घेतलं की भांडण."

आता जालन्याला एक रेकॉर्डी विकणारे शेटजी होते. त्यांची सासुरवाडी आमच्या गावची. आमचा मुलूख मुंबई राज्याला जोडला त्याच्या आगेमागे एका पंचमीला त्यांनी आत्याला ऐकलं आणि माणूस येडाच झाला. ग्रामोफोनच्या कंपनीचे लोक मुंबईहून जालन्याला यायचे होते, त्यांच्यापुढं आत्याला उभं करायचं ठरवलं. आत्या म्हणाली, "बिलकुल न्हाई." दिवस उन्हाळ्याचे, पंचमीचं गाणं अवेळी कसं म्हणायचं? शेटजी म्हणाले, रेकॉर्ड श्रावणातच निघेल, आजी. किसन हातापाया पडला. शेवटी, आपण म्हणू आणि लगेच बोळवू, मंग काय बिघडतंय, असं तिनं स्वतःच स्वतःला समजावलं. झील धरायला मी आणि शांता. झील म्हणजे मागं ओढायची ओळ. मला गळा नाही, पण मी तिच्या शेजारची, म्हणून वर्णी लागली.

एका धर्मशाळेच्या खोलीत भिंतींना गोधड्या टांगल्या होत्या. उकाड्यानं जीव जात होता. पँटवाले साहेब म्हणाले, तबकडीच्या एका बाजूला तीन मिनिटं मावतात, मी हात वर केला की थांबायचं. आत्यानं मान हलवली. पण तीन मिनिटं म्हणजे किती, हे तिला कुठं माहीत? तिचं गाणं झोका थकेपर्यंतचं. नागोबा उंबरा ओलांडून चुलीजवळ येऊन बसला आणि साहेबांनी हात वर केला. यंत्र थांबलं. आत्या थांबली नाही. डोळे मिटून ती जेवणाचं म्हणत राहिली, मग बोळवण म्हणाली, सावकाश, सगळी.

"आजी, झालं, झालं!" साहेब हसले.

"तुमचं झालं आसंल. माझं आत्ता झालं," आत्या म्हणाली. मग पदरानं मान पुसत तिनं विचारलं, "ऱ्हायलेलं दुसऱ्या बाजूला घालताल ना?"

साहेबांनी काय ऐकलं कुणास ठाऊक. ते घाईत "हो हो" म्हणाले. आम्ही शेवेचे लाडू खात आगगाडीनं परत आलो. आत्या खिडकीशी बसून खुशीत होती. तबकडीची एक बाजू बोलावण्याची, एक बोळवणीची, किती बराबर काम केलंय या लोकांनी, म्हणाली.

श्रावणात रेकॉर्ड आली. ठेसनाजवळच्या हॉटेलवाल्यानं पहिली आणली आणि आख्खी आळी ऐकायला लोटली. बायका बाहेर रस्त्यावर. कर्ण्यातून आत्याचा आवाज निघाला आणि लोकांनी टाळ्या पिटल्या. किसन तर रडला. आत्या पदराआडून हसत होती. मग नागोबा चुलीजवळ आला आणि गाणं संपलं. हॉटेलवाल्यानं तबकडी उलटी केली, सुई ठेवली. पलीकडून कुणा पुरुषाचं भजन सुरू झालं, टाळ-चिपळ्यांसकट.

आत्याचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि आतून रंग उतरला. "इमल," तिनं माझा दंड धरला, "भाऊ आतच हाय गं."

आणि ती सरळ हॉटेलात शिरली. बाईमाणूस, विधवा, चहाच्या हॉटेलात! बाकड्यांच्या मधोमध उभी राहून तिनं बोळवण म्हटली. लोकांना वाटलं, काय मजा आहे, रेकॉर्डीचं उरलेलं बाई स्वतः ऐकवते. त्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

तिथून सगळं बिनसलं. रेकॉर्ड लागली की आत्या धावत येते, हे टवाळ पोरांच्या ध्यानात आलं. मग काय, मुद्दाम लावायचे. हातातली भाकरी टाकून, पिठाचे हात तसेच घेऊन ती म्हातारी पळत सुटायची. हॉटेलवाल्याचा धंदा वाढला. मी एकदा त्याला चांगलं फैलावर घेतलं, "लाज न्हाई वाटत? तुमच्या आईच्या वयाची हाय ती." तर म्हणतो, "वैनी, मी कुठं बोलवून राह्यलो? त्याच येऊन राह्यल्या." खरंच होतं की ते मेल्याचं.

पंचमी झाली, श्रावण सरला. आम्हाला वाटलं, आता गाणं बंद पडेल. कशाचं काय! रेडिओवर फर्माइशींचा कार्यक्रम लागायचा. लोक पत्र टाकून गाणी मागायचे आणि ज्याला जास्त मागणी ते सगळ्यांत शेवटी, मानानं लावायचे. दिवाळीला शेवटचं गाणं आत्याचं. संक्रांतीलाही आत्याचंच. मोठमोठ्या नावाच्या गायिका मागं पडल्या आणि साठी ओलांडलेली परतूरची भागाबाई पुढं! पंचमीचं गाणं लोकांना बारा महिने हवं झालं. लग्नात नवरी निघाली की तेच, जत्रेत पाळणा फिरला की तेच. जालन्याच्या दुकानातल्या रेकॉर्डी संपल्या, पुन्हा आल्या, पुन्हा संपल्या. लोक आत्याला बघायला यायचे, पाया पडायचे. ती ओट्यावर येईनाशी झाली.

आमच्याकडं रेडिओ होता. आमचे हे कापसाच्या जिनिंगमध्ये मुकादम, त्यांना हौस. एकदा आत्या येऊन त्या पेटीपुढं बसली आणि ह्यांना विचारलं, "दामोदर, हे कुठवर ऐकू जातं रे?"

"लांबवर, आत्या. हैदराबाद, नागपूर, तिकडं पार मुंबईपर्यंत."

"समद्या घरांत?"

"ज्याच्या घरी रेडिओ त्याच्या घरी."

ती हळूच म्हणाली, "एवढ्या घरात बोलावला म्या त्याला. एवढ्या चुलींजवळ. आन् ऊठ म्हणायला कोण हाय?"

आमचे हे शिकलेले. म्हणाले, "आत्या, गाण्यानं काही साप येत नसतो. त्याला कान न्हाईत."

"कान न्हाईत, मंग आमी इतकी सालं वारुळापाशी कुणासाठी गाऊन राह्यलो?" आत्या म्हणाली. मी तेव्हा पोटुशी होते. त्या दिवसापासून मी चूल पेटवायच्या आधी मागं वाकून बघायला लागले. खोटं कशाला बोलू?

मंठ्याकडून बातमी आली की लग्नाच्या मांडवात एका पोराला पान लागलं, म्हणजे साप चावला, आणि तो दगावला. मांडवात कोणतं गाणं चाललं होतं, हे कुणी सांगितलं नाही. आत्यानंही विचारलं नाही. जेवणावरून उठली आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. पान लागल्याच्या बातम्या आमच्या मुलखात काय कमी असतात? दर सालच्या त्या. पण आता प्रत्येक बातमी तिच्याच दारी यायची.

एके दिवशी म्हणाली, "चल, जालन्याला जाऊ. शेटजीला सांगते, बोळवणीची येगळी रेकॉर्ड काढ." आम्ही दोघी गेलो. शेटजींनी तिला गादीवर बसवलं, हार घातला, पेढे आणले. सगळं ऐकून घेतलं आणि गोड हसले. "आजी, बोळवण कोण विकत घेणार? पाहुणा आलेला लोकांना आवडतो, गेलेला न्हाई." मी म्हणाले, मग या रेकॉर्डी विकणं तरी थांबवा. ते म्हणाले, ताई, आता ते माझ्या हातात राह्यलंय का? आमचं बोलणं चाललं होतं तेवढ्यात दुकानाच्या बाहेरच्या कर्ण्यावर नोकरानं आत्याच्या मानासाठी तीच रेकॉर्ड लावली. आत्या गळ्यातल्या हारासकट दुकानाच्या पायरीवर उभी राहिली आणि भर बाजारात बोळवण म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. कुणी टाळी वाजवली नाही. एक बाई लेकराला उचलून लगबगीनं निघून गेली.

आणि मग जिनिंगची गोष्ट. ही मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. ह्यांचा डबा घेऊन गेले होते म्हणून. कापसाचे दिवस होते, आवारात माणसापेक्षा उंच ढीग. बायका ढिगात बसून कवडी, म्हणजे किडका-डागी कापूस वेचून काढायच्या, त्यांत शांताही. मालकानं बायकांचे हात चालावेत म्हणून कर्णा लावला होता आणि बायकांचीच फर्माइश, आमच्या आत्याचं लावा. गाणं चालू होतं. नागोबा अंगणात आला होता. तेवढ्यात शांता म्हणाली, "अगं बाई." एवढंच, अगदी हळू. तिच्या मांडीपासून हातभर अंतरावर कापसातून फणा वर आला होता. काळाशार.

बायका किंचाळत खाली घसरल्या. शांता हलली असती तर संपली असती. ती कापसात कमरेपर्यंत रुतलेली. डोळे तेवढे जिवंत. कुणीतरी लाठी आणली तर आमचे हे ओरडले, "मारू नका, चुकला तर पोरीला धरंल!" मी घराकडं पळाले. पोटात लेकरू घेऊन कशी पळाले ते देव जाणे.

आत्या अनवाणी आली. आली तेव्हा कर्णा चालूच होता. रेकॉर्ड संपली की पोऱ्यानं पुन्हा लावायची, हा त्याला हुकूम होता. तो भिऊन यंत्रामागंच दडला होता आणि दर वेळी सुई पुन्हा ठेवत होता. वरून आत्याचा दणदणीत आवाज बोलावत होता, ये भाऊ, उंबऱ्याशी ये, चुलीजवळ ये. आणि खाली ढिगाशी उभी राहून आत्या आपल्या फाटक्या, बसक्या आवाजात सांगत होती, ऊठ भाऊराया, जेवलास, आता नीघ. वरची ऐकेना, खालची थांबेना. मी कानांत बोटं घातली होती. शांताच्या तोंडावर घाम नुसता निथळत होता. एकच बाई बोलावतेय आणि तीच घालवतेय, त्यानं ऐकायचं तरी कुणाचं?

ह्यांनी धावत जाऊन कर्ण्याची तार उपटली. आता फक्त खालची उरली. आत्यानं बोळवण पुरी केली. फणा खाली गेला. कापूस हलत हलत भिंतीपर्यंत गेला आणि हलायचा थांबला. दोघातिघांनी शांताला काखेत धरून ओढून काढलं. तिला काही झालं नव्हतं. पण नाग भिंतीपलीकडं गेला की ढिगातच राहिला, ते कुणी पाहिलं नाही. दोन दिवस त्या ढिगाला कुणी हात लावला नाही.

गावानं, ती विधवा असूनही, आत्याची ओटी भरली. देवी म्हणायला लागले लोक. ती मात्र त्या दिवशी माझ्या घरी येऊन बसली आणि म्हणाली, "इमल, आज म्या व्हते. माझा जीव गेला तर? मी मेल्यावर बी ती बोलवतच ऱ्हाईल ना गं? मंग त्याला कोण पाठवील?"

मरणाला माणसं भितात, ते स्वतःसाठी. ही बाई भीत होती ती आपल्या मागं राहणाऱ्या आपल्याच आवाजाला. मी तिचे हात धरून बसले आणि तिच्याइतकीच कापत राहिले.

पुढच्या दीड-दोन वर्षांत तिचा गळा पार गेला. दिवसरात्र पुटपुटत असायची, गाणं ऐकू आलं तरी, नाही आलं तरी. कुठंतरी लागलंच असेल, म्हणायची. माझा मुलगा झाला तेव्हा बघायला आली, पण उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. "माझ्या मागं मागं येतो तो," म्हणाली आणि बाहेरूनच लेकराची दृष्ट काढली.

महाराष्ट्र झाला त्याच्या आदल्या हिवाळ्यात तिला अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली. डॉक्टरांनी किसनला सांगितलं, आता थोडेच दिवस. दुपारी मी पेज घेऊन गेले तर घर माणसांनी भरलेलं. आणि किसननं, वेड्यानं, हॉटेलातला ग्रामोफोन मागून आणून तिच्या उशाशी ठेवला होता.

"किसन, नको," मी म्हणाले.

"वैनी, तिचंच गाणं हाय. सगळा मुलूख ऐकून राह्यला, तिनं बी सुखानं ऐकू द्या की," असं म्हणून त्यानं सुई ठेवली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याला काय बोलायचं? माणसं हात जोडून उभी राहिली. तिच्या त्या जुन्या, भरदार आवाजानं खोली भरली. नागोबा बांधावर आला, अंगणात आला, उंबऱ्याशी आला.

आत्याचे डोळे माझ्यावर होते. ओठ हलत होते. मी पेज खाली ठेवली आणि तिच्या तोंडाशी कान नेला. मला वाटलं, ती बोळवण म्हणत असेल. बोळवण नव्हती. आवाज नसलेला एकच प्रश्न होता. पुन्हा पुन्हा तोच.

"ग्येला का?"

रेकॉर्ड संपली होती. सुई नुसती खरखरत होती.

"गेला, आत्या," मी म्हणाले. "मी पाह्यला. वारुळात गेला."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग माझ्यावरून तिची नजर हळूहळू खाली सरकली, खाटेच्या पायथ्याकडं. तिथं स्थिर झाली. आणि त्या अर्ध्या मेलेल्या अंगानं, कुठून बळ आणलं कुणास ठाऊक, तिनं आपले पाय हळूहळू गोधडीत पोटाशी ओढून घेतले.

किसन डोळे पुसत म्हणाला, "बघा, आवडलं तिला," आणि त्यानं सुई उचलून पुन्हा पहिल्यापासून ठेवली.